उपाशी ठेवायचं झाड

माझ्या हाताला गुण आहे, असं लोक म्हणायचे, आणि ते म्हणत नसतील तेव्हा मी स्वतः म्हणायचे. करंजाड्यातल्या आमच्या इमारतीत कुणाची तुळस वाळली, कुणाच्या मोगऱ्याला कळी धरेनाशी झाली, की ती कुंडी लिफ्टमधून थेट माझ्या दाराशी यायची. महिनाभर माझ्या गॅलरीत माहेरपण करून झाड परत गेलं की मालकिणीला ते ओळखू यायचं नाही. सगळी करामत माझ्या मिश्रणाची होती. शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड, लाल माती आणि वरून वाळवून चुरलेला चहाचा चोथा. गुढीपाडवा झाला की मी गॅलरीत जुनी चादर अंथरून बसायचे आणि घरातल्या एकूण एक कुंड्या बदलायचे. नवऱ्याला माती चाळायला बसवायचे. ऑफिसातून रजा मिळत नाही, असं तो दर वर्षी सांगायचा आणि मी दर वर्षी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

ही फुशारकी एका झाडाने पुरती उतरवली. ते झाड माझं नव्हतं. शेजारच्या चाचींचं होतं, आणि त्याआधी चाचांचं.

चाचा-चाची आमच्या मजल्यावर राहायला आले तेव्हा चाचा नुकतेच कायमचे परतले होते. मूळचे उरणकडचे कोकणी मुसलमान. उमेदीची तीस वर्षं आखातात, एका गोदामाची देखभाल करण्यात गेलेली. "तिकडे वाळू बघून बघून डोळे कोरडे झाले," असं ते म्हणायचे, आणि ते भरून काढायचं म्हणून त्यांनी गॅलरीत पाय ठेवायला जागा उरू दिली नाही. चाची कपडे वाळत घालताना झाडांना नावं ठेवायच्या. आमच्या दोन गॅलऱ्यांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. त्या भिंतीवरून आमची खरी मैत्री झाली, आणि ती सगळी ताटल्यांची मैत्री होती. त्यांच्याकडून सांदणं यायची, ईदला शीरखुर्मा यायचा. माझ्याकडून पुरणपोळी, अळूवडी, उपासाची खिचडी जायची. रिकामी ताटली परत करायची पद्धत दोघींच्याही घरात नव्हती, त्यामुळे हे देणंघेणं कधी थांबलंच नाही. आम्ही दोघी समोरच्याला खाऊ घालण्याशिवाय दुसरी कुठली माया शिकलोच नव्हतो, असं मला आता वाटतं.

चाचांनी एका रविवारी जवळच्या कोन गावातल्या एका नर्सरीतून हे झाड आणलं. घटपर्णी. लांबट हिरवी पानं, प्रत्येक पानाच्या टोकातून निघालेला दोरा, आणि दोऱ्याच्या शेवटी झाकणासकट लटकलेलं हिरवट-तांबडं भांडं. चाचा त्याला सुरई म्हणायचे, म्हणून आम्हीही सुरई म्हणू लागलो. सुरईच्या काठावर गोड रस असतो, माशी त्याला भुलते, काठावरून घसरते आणि आतल्या पाण्यात पडते. पुढचं काम सुरई सावकाश करते. माझ्या नवऱ्याला हे फार आवडलं. श्रावण लागला की तो भिंतीवरून वाकून विचारायचा, "काय चाचा, याला महिनाभर शाकाहारी ठेवता येईल का?" चाचा गंभीरपणे म्हणायचे, "सांगून बघतो."

झाड तेलाच्या पाच लिटरच्या कापलेल्या प्लास्टिकच्या डब्यात लावलेलं होतं. मातीचा कणही नाही. नुसते नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कोळसा. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "चाचा, यात झाड जगणार कसं? थोडं खत देते माझ्याकडचं." ते हसले. म्हणाले, "ताई, याचं खानदान निकस जमिनीतलं. मुळांना जेवायची आदतच नाही. मुळं फक्त पाणी पितात. जेवण हे स्वतः कमावतं, वरती, हवेत. मेहनतीचं खाणाऱ्याला आयतं दिलं की पोट बिघडतं." मी मान डोलावली. मनात म्हटलं, पुरुषमाणसाला झाडातलं काय कळतंय.

पण त्यांना कळत होतं. पाण्यासाठी ते एसीच्या नळीखाली बरणी लावून ठेवायचे, कारण आमच्याकडे येणाऱ्या टँकरच्या पाण्याने बादलीलासुद्धा पांढरा थर चढतो आणि तो क्षार या झाडाला बाधतो. पावसाळ्यात ते गच्चीवर पातेली मांडायचे. हवा कशी आहे ते झाड बघून सांगायचे. पावसाच्या चार महिन्यांत प्रत्येक नव्या पानाला सुरई धरायची, कधी कधी दहा-बाराही एकदम. ऑक्टोबरची काहिली सुरू झाली की कळ्या दोऱ्याच्या टोकाशी अडून बसायच्या. आणि थंडीत सकाळी डोंगराकडून कोरडा वारा सुटला, त्यात जवळच चाललेल्या विमानतळाच्या कामाची धूळ मिसळली, की वाटाण्याएवढी झालेली सुरई तिथल्या तिथे काळी पडायची. पान मात्र हिरवंगार. "झाडाला काही झालेलं नाही," ते सांगायचे. "हवेत ओल नाही तर हे भांडं घडवत नाही. ओल आली की परत घडवेल. आपण फक्त घाई करायची नाही." मग झाडामागे ओलं गोणपाट टांगायचे आणि त्याच्याशेजारी खुर्ची टाकून चहा प्यायचे. भिंतीच्या अलीकडे माझी खुर्ची, पलीकडे त्यांची, आणि चाची दाराच्या उंबऱ्यावर बसून लसूण सोलत. त्या संध्याकाळी मला इतक्या साध्या वाटायच्या, की त्या संपतील असं कधी मनातही आलं नाही.

चाचा एका फेब्रुवारीत गेले. आजारपण जेमतेम आठवड्याचं. चाचींनी बाकीची सगळी झाडं हळूहळू मला देऊन टाकली. घटपर्णी तेवढी ठेवली. ज्या झाडाला त्या माशीखाऊ म्हणून नाक मुरडायच्या, त्याच्यासमोर आता खुर्ची टाकून बसायच्या. एसीची बरणी रोज रिकामी करायच्या, गोणपाट भिजवायच्या. कधीकधी त्याच्याशी बोलताना त्यांचा आवाज भिंतीवरून यायचा आणि मी आत निघून जायचे, कारण ते ऐकणं मला चोरी केल्यासारखं वाटायचं.

दोन वर्षांनी त्यांच्या मुलीचं आखातात बाळंतपण ठरलं. चाचींना सहा महिन्यांसाठी बोलावणं आलं. जायच्या आदल्या दिवशी त्या डबा दोन्ही हातांत धरून माझ्याकडे आल्या. भिंतीवरून दिला नाही, दारातून आल्या.

"ताई, ही त्यांची अमानत आहे," त्या म्हणाल्या. "मला दुसऱ्या कशाची फिकीर नाही. घर बंद राहील, राहू दे. हे तेवढं जगवा. पाणी पावसाचं नाहीतर एसीचं. खत बिलकूल नको. आणि कुंडी बदलू नका. ते म्हणायचे, मुळांना हात लागला की हे महिनोन् महिने रुसतं."

"तुम्ही निर्धास्त जा," मी म्हटलं. "माझ्या हाताखाली आजवर एक झाड मेलेलं नाही."

हे वाक्य मला शब्दान् शब्द आठवतं. काही वाक्यं आपण विसरावीत म्हणून बोललेली नसतात, पण विसरता आली तर बरं वाटेल.

पाडवा आला. मी चादर अंथरली, नवऱ्याने चाळणी घेतली. दोन दिवसांत सगळ्या कुंड्या झाल्या. ताजी काळीभोर माती, स्वच्छ पुसलेले काठ. आणि त्या सगळ्यांच्या मध्ये तो तेलाचा डबा. उन्हाने एका बाजूला तडकलेला, फटीतून सोडण बाहेर आलेलं. झाडाची पानं फिकट दिसत होती. महिनाभर एकही नवी सुरई आलेली नव्हती. दोन कळ्या टोकाशी काळ्या पडल्या होत्या. कोरड्या वाऱ्याचे दिवस होते ते. चाचांनी हे मला चार थंड्यांमध्ये चार वेळा समजावून सांगितलं होतं. पण त्या दिवशी मला त्यातलं काही आठवलं नाही. मला फक्त एवढंच दिसलं की हे झाड उपाशी आहे आणि माझ्या घरात आहे. माझ्या घरात आजवर कुणी उपाशी राहिलेलं नव्हतं.

"त्याला हात लावू नको," नवरा म्हणाला.

"मी काय कापून खाणार आहे का?" मी म्हटलं.

माझ्याकडे चिनी मातीची एक निळी कुंडी होती, खास कुणासाठी तरी राखून ठेवलेली. मनात चित्र असं, की चाची येतील, या कुंडीत पंधरा सुरया लोंबत असतील, आणि त्या म्हणतील की जे त्यांना जमलं नाही ते ताईंनी केलं. खरं तर त्यात दयेपेक्षा हा हिशेबच जास्त होता. मी डबा कात्रीने कापला. मुळं काळी आणि केसांसारखी बारीक निघाली. मला ती सडलेली वाटली. निरोगी मूळ पांढरं असतं एवढंच मला ठाऊक. या झाडाची मुळं काळीच असतात हे ठाऊक नव्हतं. मी सोडणाचे तुकडे एकेक करून झाडले, मुळं नळाखाली धुतली. ती हातात मोडत होती, तर म्हटलं, मेलेली मुळं गेलेली बरी. मग निळ्या कुंडीत माझं मिश्रण भरलं, शेणखत मूठभर जास्तच घातलं, आणि टँकरचं पाणी तांब्याभर ओतलं. चाचींनी भरून दिलेली बरणी संपली होती आणि आमचा एसी अजून सुरू केला नव्हता. शेवटी त्याला म्हटलं, "आता पोटभर जेव."

पंधरा दिवसांत जुन्या सुरया झाकणाकडून वाळायला लागल्या. सुरई म्हातारी झाली की वाळतेच, म्हणून मी स्वतःला समजावलं. मग पानांची टोकं तपकिरी झाली, इस्त्री लागल्यासारखी. मी काय करावं? मी आणखी खत दिलं. आज हे लिहितानाही हात थांबतो. झाड ओरडून सांगत होतं की पुरे, आणि मी ताटात आणखी वाढत होते.

चाचींचा रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला व्हिडिओ कॉल यायचा. बाळाचं तोंड दाखवायच्या, मग म्हणायच्या, "आता झाड दाखवा." पाडव्यानंतर पहिले दोन आठवडे मी झाड हौसेने दाखवलं, पण फक्त वरून. कुंडी त्या आल्यावर बघतील, ती त्यांच्यासाठी गंमत होती. पानं करपायला लागली तेव्हा मी त्यातलं एक बरं पान फोनच्या इतकं जवळ धरायला लागले की बाकी काही दिसू नये. पुढे तेही पान गेलं. मग मी म्हणायचे, आज उजेड नाही. आज नेट चालत नाही. आज झाड आत ठेवलंय, गॅलरी धुतेय. आणि खोटं उघडं पडू नये म्हणून त्याला धरून आणखी दहा गोष्टी सांगायचे. गॅलरी का धुतेय, तर धूळ. धूळ कसली, तर पलीकडे नवीन खोदकाम. खोदकाम कुणाचं, तर त्याची सगळी कहाणी.  मी आयुष्यात मोठं खोटं कधी बोलले नव्हते, आणि बोलायला लागले ते एका विधवा बाईशी, तिच्या नवऱ्याच्या शेवटच्या झाडाबद्दल. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि तरी दुसऱ्या दिवशी सहा वाजता मी पुन्हा तेच करत होते.

"त्यांना सांगून टाक," नवरा म्हणाला. एरवी थट्टा करणारा माणूस त्या दिवशी थट्टा करत नव्हता.

"काय सांगू? तुमची अमानत मी खाऊ घालून मारली?"

मे महिन्यात खोडावर चार पानं उरली तेव्हा मी कुंडी मांडीवर घेऊन रिक्षाने कोनला गेले. नर्सरी शोधायला वेळ लागला नाही. मालक तिथलाच, गावातला आगरी माणूस. त्याने कुंडी हातात घेतली, मातीत बोट खुपसलं, बोटाचा वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"याला शेन घातलंत?"

मी मान हलवली.

"ताई, याला खायाला घालायचा नाय. आमी गिऱ्हाइकाला पयलं हेच सांगतो. मुलां जलली याची." त्याने झाड कुंडीतून उपटलं तेव्हा खाली मुळं जवळजवळ उरलीच नव्हती. "आर्दा गेलाच हाय. खोडात जीव हाय थोडा. तुकडे करून लावा. जगला तर जगला."

त्याने खोडाचे तीन तुकडे करून दिले, प्रत्येकाला एकेक डोळा आणि अर्धं कापलेलं पान. सोडण आणि कोळसा बांधून दिला. वरून पारदर्शक पिशवी बांधायला सांगितली, म्हणजे आत ओल कोंडून राहील. "आता या उन्हात ठेवू नका. मोरीत ठेवा. पावसाची हवा आली का हा आपोआप उठंल. आन् तुमी काय करायचा नाय," तो म्हणाला. मग मला ओळखल्यासारखं पुन्हा एकदा म्हणाला, "काय सुदा करायचा नाय."

काहीही न करणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम ठरलं. तीन छोटे डबे मी न्हाणीघराच्या खिडकीत ठेवले. रोज सकाळी उठून बघायचे. पिशवीच्या आत पाण्याचे थेंब जमलेले असायचे आणि तुकडे तसेच. हात नुसते शिवशिवायचे. एकदा चिमूटभर गांडूळखत घेऊन खिडकीपर्यंत गेले आणि नवरा दाढी करत होता म्हणून परत फिरले. आठवड्याने शेंड्याचा तुकडा काळा पडला. जून उजाडता उजाडता मधला बुरशीने गेला. उरला तो बुंध्याकडचा, बोटभर लांबीचा, वाळक्या काडीसारखा.

पाऊस रीतसर लागला. भिंतींना ओल आली, पापड सादळले, कपडे वाळेनात. इमारतीतल्या बायका वैतागल्या होत्या आणि मी एकटीच ती दमट हवा बघून खूष होते. गच्चीवर पातेली मांडली, चाचा मांडायचे तशी. आषाढातल्या एका सकाळी काडीच्या डोळ्याशी हिरवा ठिपका दिसला. मोहरीएवढा. मी चष्मा पुसून पुन्हा बघितला आणि मग न्हाणीघरातल्या उपड्या बादलीवर बसून रडले. नवऱ्याला वाटलं मी घसरून पडले.

पुढचं सगळं झाडाने केलं. पहिलं पान आलं, नखाएवढं. दुसरं आलं. भाद्रपदात तिसऱ्या पानाच्या टोकाचा दोरा जरा जाड झाला, खाली वाकला, आणि टोकाशी वेलचीएवढी सुरई तयार झाली. झाकण उघडलं त्या दिवशी मी तिच्यात एक मुंगी टाकावी की काय या विचारात बराच वेळ उभी होते. टाकली नाही. कमवेल तिची ती.

चाचींचा मुक्काम सहा महिन्यांवरून नऊवर गेला. माझं खोटंही तेवढंच लांबलं. चाचींचं झाड हातभर उंच होतं. हे वाटीत मावेल एवढं. दाखवू तरी कसं? त्या दिवाळीनंतर येणार असं कळलं तेव्हा माझ्या मनात पाप आलं. मी पुन्हा कोनला गेले. तिथे टांगलेल्या टोपल्यांमध्ये घटपर्णी होत्या, एकेकीला वीस-वीस सुरया. त्यातली एक हुबेहूब चाचांच्या झाडासारखी. तेलाचा डबा कापून त्यात बसवली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. मी ती टोपली हुकावरून काढली.

नर्सरीवाल्याने ओळखलं. "मेला काय तो?"

"नाही. जगलाय. सुरई धरलीय."

"मंग हा कशाला?"

मी टोपली परत हुकाला लावली आणि रिक्षात बसले. घरी पोचेपर्यंत ठरवून टाकलं होतं की आता जे आहे ते सांगायचं.

चाची आल्या त्या दिवशी मी त्यांना हातपाय धुवायचीही उसंत दिली नाही. वाटीएवढी कुंडी घेऊन त्यांच्या दारात गेले. या वेळी मीही भिंतीवरून नाही, दारातून गेले. घर नऊ महिने बंद होतं, सोफ्यावर चादरी होत्या, त्यांनी एक खिडकी तेवढी उघडली होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. निळी कुंडी, शेणखत, मुळं, टँकरचं पाणी, मी बोललेलं खोटं, अगदी ती हुकावरची टोपलीसुद्धा. त्या सोफ्याच्या कडेला बसून ऐकत होत्या. मध्ये एकदा त्यांनी हात पुढे करून कुंडी माझ्याकडून घेतली आणि मांडीवर ठेवली.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय माहीत होतं?"

"पाडव्यानंतरच्या दुसऱ्या का तिसऱ्या फोनमध्ये मला निळा काठ दिसला. तेव्हाच समजलं की तुम्ही डबा बदलला. मग तुम्ही पुढे धरायचात त्या पानाआडून करपलेली पानं दिसली. ते असते तर पहिल्याच दिवशी ओरडले असते. मी रात्रभर रडले, ताई. मुलगी म्हणाली, त्यांना विचार, लगेच सांग काय करायचं ते. मी म्हटलं, नको."

"का नको? तेव्हा सांगितलं असतंत तर झाड वाचलं असतं."

"वाचलं असतं," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला लाज वाटली असती. मग तुम्ही फोन उचलायचं बंद केलं असतं. तिकडे दिवसभर माझ्याशी बोलणार कोण? मुलगी कामाला, जावई कामाला, बाळ झोपलेलं. एसीच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नाही. इथल्या सहा वाजता तुमच्या गॅलरीतले कावळे ऐकू यायचे, तुमच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या." मग थोडं हसून म्हणाल्या, "आणि खोटं बोलताना तुम्ही जास्त वेळ बोलायचात."

मी त्यांच्या सोफ्यावर, चादरीवरच बसले. मला वाटत होतं की इतके महिने मी एक झाड लपवत होते. त्या मात्र नवऱ्याची शेवटची वस्तू डोळ्यांसमोर वाळताना बघत होत्या आणि माझ्या आवाजासाठी गप्प बसत होत्या. मला त्यांची माफी मागायची होती, पण कशाकशाची मागायची तेच सुचेना.

"हे त्यांचंच ना?" त्यांनी कुंडीतल्या पानावर बोट फिरवत विचारलं.

"त्यांच्याच खोडाचा तुकडा आहे. बुंध्याकडचा."

"मग झालं," त्या म्हणाल्या. आणि मग ज्यासाठी त्या परत आल्या होत्या ते सांगितलं. मुलीने आता कायमचं तिकडे बोलावलं होतं. घर भाड्याने द्यायचं, सामान आवरायचं, दोन महिन्यांत परत जायचं. "झाड विमानातून नेऊ देत नाहीत. आणि नेलं तरी तिकडच्या हवेत ते काय जगणार? मीच कशीबशी जगते."

जानेवारीत त्या गेल्या. त्यांच्या घरात आता एक नवरा-बायको राहतात, दोघंही सकाळी आठला बाहेर पडतात. भले आहेत, लिफ्टमध्ये हसतात. मधल्या भिंतीवर त्यांनी ड्रायफ्रूटचे दोन रिकामे डबे आणि एक फडकं ठेवलेलं असतं. मी एकदा ताटली दिली होती. ती चार दिवसांनी स्वच्छ धुवून, रिकामी परत आली. मला वाईट वाटलं, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती हेही कळत होतं.

फोन अजून येतो. सहाच्या सुमाराला. बाळ आता चालतं, फोन हिसकावतं. मग चाची म्हणतात, "झाड दाखवा," आणि मी पूर्ण झाड दाखवते, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, सगळ्या बाजूंनी. या थंडीत वारा फार कोरडा होता. पाच कळ्या धरल्या आणि पाचही टोकाशी काळ्या पडल्या. त्या मी एकेक करून फोनसमोर धरल्या. त्यांना सांगितलं की आज एकही सुरई नाही, उद्याही नसेल. "नसू दे," त्या म्हणाल्या. "तुम्ही आज काय रांधलंत ते सांगा." मी सांगितलं. फोडणीपासून सांगितलं. आता लपवायचं काहीच नाही, तरी मी तेवढाच वेळ लावते.

परवा त्यांनीच विचारलं, कुंडी लहान झाली का म्हणून. झालीच आहे. खालच्या भोकातून काळी मुळं बाहेर डोकावतायत. यंदाच्या पाडव्याला मी घरातल्या सगळ्या कुंड्या बदलल्या, पण हिला हात लावला नाही.

"पाऊस लागू दे," मी त्यांना म्हटलं. "हवेत ओल आली की बदलू. सोडण भिजवून तयार ठेवते. फोन समोर उभा करते आणि तुम्ही बघत असतानाच बदलते."

"मला त्यातलं काय कळतंय?" चाची म्हणाल्या. "मी नुसती बघून काय करणार?"

"काही करू नका," मी म्हटलं. "नुसत्या समोर बसा. मी खताला हात लावला तर ओरडा."